उस्तादांची दुपारची झोप

बडनेऱ्याहून अकोल्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर नितेशचं गॅरेज आहे, आणि त्या गॅरेजात दुपारी दीड ते तीन हॉर्न वाजवायला मनाई आहे. तशी पाटी वगैरे लावलेली नाही. पण रोजच्या गिऱ्हाइकांना ठाऊक आहे की त्या वेळी उस्ताद झोपतात, आणि उस्तादांची झोप मोडणाऱ्याची गाडी नितेश मुद्दाम शेवटी घेतो. लोक हसतात. गुरूची एवढी सेवा कोण करतं हल्ली, असंही म्हणतात. सेवा कसली डोंबलाची! नितेशचा जीव त्या दीड तासात कसा मुठीत असायचा, हे कोणाला माहीत नव्हतं.

उस्ताद म्हणजे नत्थुजी. वय अडुसष्ट. अकोल्यात चाळीस वर्षं त्यांनी इंजिनं उघडली आणि बसवली, आणि नितेशला पाना कसा धरायचा इथपासून सगळं शिकवलं. दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको पार्बताबाई गेल्या आणि त्याच साली गॅरेजची जागाही रस्त्यात गेली. तेव्हा नितेश स्वतः जाऊन त्यांना बडनेऱ्याला घेऊन आला. ‘‘उस्ताद, तुमी निस्ते बसा. मले बरं वाटन,’’ म्हणाला. आता, बस म्हटल्यावर बसून राहणारा माणूस तो नव्हेच. दुसऱ्या दिवशी सकाळी नत्थुजींनी पान्यांचा डबा ओढला आणि एका जीपखाली शिरले.

तिसऱ्या दिवशी नितेशच्या लक्षात आलं की उस्तादांना दिसत नाही. अगदीच काळोख होता असं नाही. माणूस आला-गेला कळायचा, उजेड कळायचा. पण बोल्टाचं डोकं ते बोटांनी चाचपायचे आणि मग पाना लावायचे. चहाचा कप आधी हातानं शोधायचे. डोळ्यांत काचबिंदू बळावला होता. डॉक्टरनं सांगितलं असेलच, पण उस्तादांनी ते नितेशला सांगितलं नाही, आणि नितेशनंही विचारलं नाही. ज्या माणसानं आपल्याला इंजिनात बघायला शिकवलं त्याला ‘तुम्हाला दिसतं का’ असं कोणत्या तोंडानं विचारायचं?

मग नितेशनं एक युक्ती काढली, आणि तीच पुढं त्याच्या गळ्यात अडकली. उस्ताद दुपारी खाटेवर आडवे झाले की तो त्यांनी केलेलं काम गुपचूप तपासायचा. त्याच्याकडे टॉर्कपाना होता. बोल्ट हवा तेवढा आवळला गेला की हा पाना ‘टक’ असा आवाज करतो. नत्थुजी असल्या पान्याला हसत. ‘‘हाताले कळत नसन त मेकॅनिक कायचा,’’ म्हणत. नितेश एकेका बोल्टाला तो पाना लावायचा. कधी पहिल्याच दाबाला टक वाजे, म्हणजे उस्तादांचा हात बरोबर होता. कधी बोल्ट पाव फेरा फिरे, अर्धा फेरा फिरे, आणि मग टक वाजे. तो पुढच्या बोल्टाकडे जायचा. तीन वाजता उस्ताद उठले की दोघं मिळून चहा पीत, आणि उस्ताद म्हणत, ‘‘झालं ना काम? जाऊ दे गाडी.’’

दोन वर्षं हे असंच चाललं होतं. दोन वर्षांत एकही गाडी परत आली नव्हती. लोक उस्तादांच्या हाताची तारीफ करत होते, आणि ती ऐकताना नितेशला आनंद व्हायचा आणि गुदमरायलाही व्हायचं. त्याला गावाला जाता येईना. साधं नांदगाव पेठेला बहिणीकडे जायचं तरी तो दुपारच्या आत परतायचा.

एकदाच तो परतला नाही. बहिणीच्या मुलीचं, आकांक्षाचं, लग्न ठरत होतं. बैठक लांबली आणि नितेशला गॅरेजात यायला साडेतीन वाजले. तोवर उस्तादांनी आशाबाईंच्या पिकअपचं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, बसवून टाकलं होतं. मध्ये जोड बंद करणारं नवं गॅस्केट, इंजिन थंड ठेवणारं नवं कूलंट, सगळं तयार. त्या दिवशी उस्ताद उशिरा, नुकतेच आडवे झाले होते, आणि आशाबाई चार वाजता गाडी न्यायला येणार होती. नितेशनं टॉर्कपाना हातात घेतला. पण खाट अगदी समोर होती, आणि उस्तादांचं तोंड त्याच्याकडेच होतं. जागे आहेत की काय, असं त्याला वाटलं. पाना वाजला तर ऐकतील. दोन वर्षांची झाकली मूठ आता उघडायची? त्यानं पाना हळूच परत ठेवला. एक दिवस नाही तपासलं तर काय होतंय, असं त्यानं स्वतःला समजावलं.

पंधराव्या दिवशी तीच पिकअप ट्रॅक्टरला दोरानं बांधून परत आली.

सकाळचे अकरा वाजले होते आणि मे महिना असल्यानं पत्रा तव्यासारखा तापला होता. पिकअपमधून आधी आशाबाई उतरली. अंजनगाव सुर्जीकडची ही माळ्याची बाई. नवरा गेल्यापासून वांगी, मिरची, कोथिंबीर आठवड्यातून चारदा अकोल्याच्या बाजारात स्वतः नेत होती. तिच्यामागून तिचा दीर सूर्यभान उतरला. पन्नाशीचा, अबोल. गाडी तोच चालवायचा.

‘‘पाहा नितेशभाऊ,’’ आशाबाई म्हणाली, ‘‘पंधरा दिवस नाही झाले गाडी नेऊन. मूर्तिजापूरच्या अलीकडं वाफ निघाली अन् बसली. अन् हे म्हन्तेत मी काईच नाही केलं.’’

‘‘वयनी, आईची आन,’’ सूर्यभान म्हणाला. ‘‘काटा वर चढला तशी गाडी बाजूले घेतली. एक फर्लांगही नाही चालवली.’’

‘‘मंग आपल्या बोअरचं पाणी टाकलं असन. पयले तेच केलं ना तुमी? नितेशभाऊनं किती बजावलं होतं.’’

हे खरं होतं. अंजनगावकडचं पाणी खारं. पहिल्यांदा गाडी तापली ती त्यामुळंच. वर्षानुवर्षं सूर्यभान रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी ओतत आला होता, आणि आतल्या नळ्या क्षारानं बुजल्या होत्या. त्या वेळी नितेशनं त्याला हिरव्या कूलंटचा डबा देऊन सांगितलं होतं, याच्याशिवाय थेंब टाकायचा नाही.

‘‘नाही टाकलं,’’ सूर्यभान म्हणाला. ‘‘हिरवंच टाकलं. दर दोन दिवसाले टाकी खाली व्हाची, मी भराचो. खाली त थेंब नाही गळत, मंग पाणी जाते कुठं, हेच मले समजे ना.’’

नितेशनं हे ऐकलं. मेकॅनिकला एवढं वाक्य पुरेसं असतं. कूलंट कमी होतं, जमिनीवर गळत नाही, म्हणजे ते इंजिनातच कुठंतरी जातं. एकतर जळून धुरातून बाहेर पडतं, नाहीतर तेलात उतरतं. आणि गाडी तापायच्या आधीपासून ते कमी होत असेल, तर गाडी तापल्यामुळं गॅस्केट गेलं नाही. गॅस्केट आधीच गळत होतं, म्हणून गाडी तापली. यात सूर्यभानचा काडीचा दोष नव्हता.

त्यानं बॉनेट उघडलं आणि तेलाची पट्टी ओढली. तेल खुणेच्या वर दोन बोटं चढलं होतं. तेल कधी वाढतं का? त्यात दुसरं काहीतरी आल्याशिवाय नाही. आणि पट्टीवरचं ते तेल काळं नव्हतं. ताकात घोळलेल्या गुळासारखं फिकट, घट्ट, फेसाळ. हिवाळ्यात झाकणाखाली थोडी साय धरते, ती दमट हवेची, तिचं काही वाटून घ्यायचं नसतं. पण मे महिन्यात, बडनेऱ्यात, थेट पट्टीच्या टोकापर्यंत? इथं दुसरा अर्थ निघत नव्हता. कूलंट तेलात उतरलं होतं.

मागं खाट करकरली. उस्ताद उठून बसले होते.

‘‘आशाबाईची गाडी हाय ना?’’ ते म्हणाले. ‘‘हेड मीच बसवलं होतं. काय झालं?’’

नितेशनं पट्टी पुसायचं फडकं हातात घट्ट धरलं. आता बोला! खरं सांगावं, तर उस्तादांच्या हातून हेड नीट बसलं नाही हे चारचौघांत सांगावं लागणार. आणि का बसलं नाही म्हणून विचारलं, की डोळ्यांवर येणार. उद्या सगळ्या अकोला रोडवर होईल की नत्थुजी आंधळे झाले. चूक मी केली म्हणावं, तर उस्ताद समोर बसलेत, त्यांनीच आता सांगितलं हेड मी बसवलं. आणि गप्प बसावं, तर दोष सूर्यभानच्या माथी. चोर सोडून संन्याशाला फाशी. तीन दारं, आणि तिन्हींना बाहेरून कडी.

‘‘बोला ना,’’ आशाबाई म्हणाली. ‘‘खारं पाणीच हाय ना?’’

किती सोपं होतं! नुसती मान हलवायची. नितेशच्या तोंडून निघून गेलं, ‘‘सूर्यभानभाऊ, नक्की हिरवंच टाकलं होतं ना?’’

सूर्यभान त्याच्याकडे बघत राहिला. त्या बघण्यानं नितेशला आपल्याच कानाखाली वाजवून घ्यावीशी वाटली.

‘‘पाहिलं?’’ आशाबाई दिराकडे वळली. ‘‘भाऊजी, उद्यापासून चाबी शेजारच्या शेखरच्या हातात. तुमी वावरात राहा, वांगे तोडा. मले रोज रस्त्यात उभं राह्यनं नाही जमत.’’

सूर्यभाननं खिशातून किल्ली काढली. वीस वर्षं गाडी चालवलेला माणूस, त्याला दुसरं काही येत नव्हतं. किल्लीला वहिनीच्या हातात जायला जेवढा वेळ लागणार, तेवढाच वेळ आता नितेशकडे होता.

‘‘थांबा,’’ नितेश म्हणाला. ‘‘पाइप फुटला असन एखांदा. गाडी राहू द्या इथीसा. उद्या मी पूर्ण पायतो, मंग बोलू.’’

उद्या. उद्या उस्तादांना काहीतरी निमित्त काढून अमरावतीला पाठवायचं, आपण हेड उघडायचं, पुन्हा बसवायचं, आणि परवा सगळ्यांना सांगायचं की पाइप फुटला होता. डोक्यात सगळी आखणी झालीही. अशी डोकी लग्नाच्या बैठकीत चालली असती तर आकांक्षाचं त्या दिवशी दुपारच्या आतच ठरलं असतं.

पण अडचण होती. उस्तादांचा जुना नियम होता, आणि अकोल्यात त्यांच्या हाताखाली शिकलेला प्रत्येक जण तो पाळायचा: ज्यानं हेड बसवलं त्यानंच ते उघडायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही. आपली चूक आपल्या डोळ्यांनी पाहायची, एवढाच त्याचा अर्थ. उस्तादांना चोरून त्यांनी बसवलेलं हेड उघडणं म्हणजे त्यांच्या ताटातला घास उचलणं.

‘‘तेलाचा रंग कसा हाय?’’ खाटेवरून उस्तादांनी विचारलं.

‘‘कायं हाय उस्ताद.’’

‘‘कायंच?’’

‘‘हो. कायं.’’

तेल काळं आहे, हे नितेशनं आयुष्यात उस्तादांशी बोललेलं पहिलं सरळ सरळ खोटं. आजवर तो फक्त गप्प बसला होता.

उस्तादांनी खाटेखाली पायांनी चपला चाचपल्या. मग म्हणाले, ‘‘गॅस पेटव. चहाचं भांडं काढ अन् तो तुटका तवा ठेव.’’

तवा कशाला, हे नितेशला माहीत होतं. त्यानंच तर हे शिकून घेतलं होतं, याच माणसाकडून. तेलात पाणी आहे की नाही याची शंका आली तर तापलेल्या तव्यावर दोन थेंब टाकायचे. शुद्ध तेल मुकाट पसरतं आणि धूर सोडतं. त्यात पाणी असेल तर ते तडतडतं. डोळ्यांची गरजच पडत नाही.

‘‘उस्ताद, राहू द्या ना. ऊन किती हाय.’’

‘‘गॅस पेटव म्हटलं.’’

आशाबाईनंच गॅस पेटवला. तिला या सगळ्यातलं काही कळत नव्हतं, पण म्हाताऱ्या माणसानं दोनदा सांगितलं म्हणून तिनं काडी ओढली. तवा तापला. उस्ताद भिंतीला हात लावत उठले, चार पावलं आले आणि नितेशपुढं तळहात केला. नितेशनं तेलाची पट्टी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती अंदाजानं तव्यावर धरली आणि बोटानं निपटली.

तडतड झाली. फोडणीत ओली मिरची पडावी तशी मोठी तडतड, आणि एक थेंब उडून नितेशच्या हातावर चटका बसला. सगळ्यांनी ऐकली. पंख्याचा आवाज होता, रस्त्यावरून ट्रक जात होता, तरी ऐकली.

‘‘कायं तेल असं नाही बोलत, लेका,’’ उस्ताद म्हणाले.

मग त्यांनी पट्टी तव्याशेजारी ठेवली, आशाबाई ज्या बाजूला उभी होती तिकडे तोंड केलं आणि एकेक शब्द नीट ठेवत बोलले, ‘‘बाई, चाबी सूर्यभानलेच राहू द्या. त्यानं काई नाही केलं. गॅस्केट पयल्या दिवशीपासून गळून राहिलं होतं. हेड मी बसवलं, अन् मले दिसत नाही. दोन वर्सं झाले.’’

आशाबाई फटकळ बाई. तिच्या तोंडून काय निघेल या भीतीनं नितेशनं खाली बघितलं.

‘‘मंग पयलेच सांगाचं ना बावाजी,’’ ती शेवटी म्हणाली, आणि तिचा आवाज मघापेक्षा खाली आला होता. दिराकडे तिला बघवेना. ‘‘चला भाऊजी. एसटीनं जाऊ. चाबी ठेवा तुमच्याजवय.’’

ती दोघं गेल्यावर उस्तादांनी पाना मागितला. नियम म्हणजे नियम. ते बोटांनी बोल्ट शोधत होते आणि सोडवत होते. वरचं काढायचं-घालायचं नितेश करत होता. नऊ बोल्ट जोर लावून सुटले. दहावा मागच्या कोपऱ्यातला, जिथं हात वाकडा करून घालावा लागतो. त्याला पाना लागलाच नाही. उस्तादांनी तो नुसत्या दोन बोटांनी फिरवून काढला, आणि नितेशच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

‘‘उस्ताद, चूक माही हाय,’’ नितेशला रडू आवरेना. ‘‘मी त्या दिवशी...’’

‘‘तपासलं नाही. माहीत हाय मले.’’

नितेशनं मूठ उघडून तो सुटा बोल्ट पाहिला.

‘‘तुले वाटते, मी दुपारी झोपतो?’’ उस्ताद पिकअपच्या चाकाला टेकून खाली बसले. ‘‘दोन वर्सांत एक दुपार नाही झोपलो बाप्पा. पडून ऐकत होतो. तुहा पाना कसा वाजते ते. लगेच वाजला म्हंजे माहा बोल्ट बरोबर. फिरून वाजला म्हंजे चुकला. मी मोजाचो. दहातले आठ बरोबर, दहातले सात. हिसाब ठेवत होतो मी माह्या हाताचा. तू मागून पायतं म्हणूनच मी हात लावत होतो, नाईतर आंधया माणसानं लोकायच्या गाड्या उघडाच्या का?’’

‘‘मंग बोलले काहून नाही?’’

‘‘तू काहून नाही बोलला?’’

दोघं जण दोन वर्षं एकाच खोलीत एकमेकांची लाज राखत कोंडून बसले होते, आणि प्रत्येकाला वाटत होतं की आपण दाराची कडी काढली तर दुसरा उघडा पडेल.

‘‘त्या दिवशीही ऐकत होतो मी,’’ उस्ताद म्हणाले. ‘‘तू आला. पाना उचलला, त्याचा आवाज झाला. अन् मंग तू ठेवून देल्ला. एकही बोल्ट नाही लावून पाह्यला. मले वाटलं...’’ ते थांबले. तेलकट अंगठ्यानं दुसऱ्या हाताची बोटं चोळत राहिले. ‘‘मले वाटलं, नितेशनं निस्तं पाह्यलं अन् त्याले समजलं, का उस्तादाचं काम पक्कं हाय. तपासाची जरूरत नाही. पंधरा दिवस मी लय खुशीत होतो गड्या.’’

नितेश त्यांच्याशेजारी जमिनीवर बसला. पंधरा दिवसांपूर्वीचा तो पाना, हळूच ठेवलेला, त्याला आता डोक्यात घणासारखा वाजत होता. त्यानं उस्तादांचा हात धरला. दुपार झाली तरी जेवायचं कोणाला सुचलं नाही.

हेड तापून थोडं वाकलं होतं. ते अमरावतीला लेथवर नेऊन घासून आणण्यात दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी नितेशनं जुनं सगळं तेल काढलं, आतून धुऊन घेतलं, नवं गॅस्केट ठेवलं. हेड उचलून बसवायच्या आधी त्यानं उस्तादांकडे बघितलं.

‘‘तू बसव,’’ ते खाटेवरून म्हणाले. ‘‘आता पुढं उघडाचं तरी तुलेच हाय.’’

दोन वाजले होते. नितेशनं बोल्ट घातले, मधून बाहेर, मधून बाहेर, दोन टप्प्यांत आवळले, आणि शेवटच्या फेरीला टॉर्कपाना घेतला.

‘‘उस्ताद, आवळून राहिलो.’’

‘‘आवळ. मोठ्यानं वाजू दे.’’

टक.

‘‘एक,’’ उस्ताद म्हणाले.

टक. ‘‘दोन.’’ तिसरा, चौथा. पाचव्याला बाहेर कोणीतरी हॉर्न वाजवला आणि नितेशनं तिकडं लक्षही दिलं नाही. ‘‘सहा,’’ उस्तादांचा आवाज जड झाला होता. ‘‘सात,’’ ते अर्धंच बोलले.

आठव्याला पाना वाजला, आणि पुढं काही ऐकू आलं नाही. नितेशनं मान वळवून पाहिलं. उस्तादांचं तोंड किंचित उघडं होतं, एक हात खाटेवरून खाली लोंबत होता, आणि छाती संथ वरखाली होत होती. दोन वर्षांत पहिल्यांदा ते दुपारी खरंच झोपले होते.

आठ, असं नितेश स्वतःशीच म्हणाला. नऊ. मागच्या कोपऱ्यात हात वाकडा करून त्यानं दहावा आवळला आणि तो वाजलाही. पण तो लगेच उठला नाही. आता त्याच्या मागून ऐकणारं कोणी जागं नव्हतं. त्यानं पाना त्याच बोल्टाला पुन्हा लावला.